शेऱ्याचा रकाना

ऑगस्टीनने तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या पडताळल्या, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर त्याची स्वतःचीच सही जुळेना. हात थरथरायचा. तुंगारेश्वरचा डोंगर चढून उतरता आला तर आपण बरे झालो, असं त्याने मनाशी ठरवलं आणि वर्षभराने सायकल घेऊन तो जंगलाच्या नाक्यावर आला.

"चढ चालत, उतारही चालत," बायको मर्सीने बजावलं. "सायकल हातात धरायला दिलीय, बसायला नाही."

पहारेकरी आत्मारामने वही पुढे केली. "नाव-वेळ भरा काका. आज पयले तुमीच."

सकाळचे सात दहा झाले होते. ऑगस्टीनने सवयीने आधी पान तपासलं. आजच्या तारखेखाली पहिली ओळ भरलेली होती. नाव त्याचंच. आत गेल्याची वेळ सात दहा, बाहेर आल्याची अकरा चाळीस. पुढे सही.

"हे कोणी लिहिलं?"

आत्माराम वाकून बघतच राहिला. "वही आत्ताच कुलपातून काढली, काका."

सही आजाराआधीसारखी ठाम होती, शेवटच्या फटकाऱ्यासकट. ऑगस्टीनने आयुष्यात एकही खोटी सही पुढे जाऊ दिली नव्हती.

"घरी जाऊ या?" मर्सीचा आवाज बारीक झाला.

"कशाला? सही खरी आहे," तो म्हणाला आणि तिला दिसायच्या आत शेऱ्याच्या रकान्यावर अंगठा दाबला. तिथे लिहिलं होतं : उतारावर सायकल चालवली.

वही मिटून तो फाटकातून आत शिरला. अंगठ्याला शाई लागली होती, अजून ओली.