टकळीची तक्रार

उंच पोरगा रांग मोडून थेट टकळीच्या पुढे घुसला. तिच्या हातातला जेवणाचा ट्रे हिंदकळला.

घरी तिला टकळी म्हणत, कारण तिचं तोंड झोपेतसुद्धा चालू असे. शाळेत मात्र ती मुकी. नव्या देशाची भाषा तिला कळायची, पण प्रत्येक वाक्य ती आधी मनात घासूनपुसून घ्यायची, तोवर बोलायची वेळ टळून गेलेली असायची. कालच बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं: हिने वर्गात तोंड उघडलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून खालच्या वर्गात. म्हणजे धाकट्या भावाच्या शेजारी! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तो सगळा राग आत्ता उफाळला.

"ए लंबूटांग! डोळे आहेत की बटणं? आम्ही काय इथे माश्या मारायला उभे आहोत? हो मागे!"

अख्खं मराठीत. जेवणघरातल्या सगळ्या माना वळल्या. लंबूला एक अक्षर कळलं नाही, पण तो मुकाट शेवटी जाऊन उभा राहिला.

मागच्या मुलीने तिचा खांदा हलवला. "काय म्हणालीस त्याला? सांग ना!"

आता सांगणं आलं. टकळीने अडखळत त्यांच्या भाषेत सांगितलं.

"माश्या?" मुलगी इकडेतिकडे बघायला लागली. "कुठेयत?"

"नाहीत गं! आमच्यात असं म्हणतात. कुणी रिकामं उभं असलं ना, की..."

शब्द मागेपुढे होत होते, पण चार जणी जवळ सरकल्या. घासूनपुसून घ्यायला सवडच उरली नाही. जेवण संपत आलं तेव्हा लंबूही ट्रे घेऊन समोर येऊन बसला. "आणखी काय काय बोललीस मला?"

महिनाअखेरीला बाईंचा घरी फोन आला. आईला ती भाषा कामापुरतीच येई, म्हणून ती जिवाचा कान करून ऐकत होती. तुमची मुलगी वर्गात सारखी बोलते. मला शिकवू देत नाही. शेजारच्यांनाही बोलायला लावते.

शेजारी कान लावून उभ्या असलेल्या टकळीने जीभ चावली.

आईने हात करून बाबांना बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाई, पुन्हा एकदा सांगता का? हिच्या बाबांनाही ऐकायचंय."