खिडकीतला स्कोअर

अब्बांनी कुवेतहून पाठवलेला ट्रान्झिस्टर मिरकरवाड्यातल्या आमच्या घरात फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत नीट लागायचा. सत्त्याऐंशीच्या वर्ल्डकपात बांगडे तळता तळता मीच लीग काढली: प्रत्येकाने देशोदेशींचे अकरा खेळाडू निवडायचे, त्यांनी खऱ्या मॅचमध्ये काढलेल्या धावा आपल्या संघाच्या. मी खिडकीतून सांगेन तोच स्कोअर. दुसऱ्या दिवशीचा पेपर चालणार नाही. बाहेर ओट्यावर बसलेल्या पोरांना नियम पसंत होता. मग चुलतभाऊ नासिर मुंबईहून सुटीवर आला आणि फायनलच्या दिवशी अध्यक्ष होऊन बसला. माझा संघ बाद करून म्हणाला, "बायकांचं क्रिकेटात काय काम? मासूमा, स्कोअर तेवढा सांग." पोरं त्याच्याभोवती सरकून बसली. शेवटच्या ओव्हरला तोच ओरडला, "किती झाले गो?" मी आवाज बारीक केला, खिडकीला कडी घातली. माझ्या नियमाप्रमाणे लीगचा निकाल अजून लागलेला नाही.