एक थेंबही नाही

मेडशीच्या लग्नात भाजी-वरणात कांदा-लसूण होता, म्हणून जैन असलेल्या सूरजबाई उपाशीच घरी निघायला मुलाच्या गाडीत बसल्या. नवी गाडी बॅटरीवर चालायची. जास्त जोर दिला की पेट्रोलचं इंजिन सुरू व्हायचं. अर्पित एसी बंद करून सावकाश चालवत होता.

"जरा जोरात घे ना, बेटा."

"कायले, मम्मी? जोरात घेतली की पेट्रोल जळते."

पदरानं वारा घेत त्या खिडकीबाहेर उतरत्या उन्हाकडे पाहत राहिल्या.

वाशीमला दारात गाडी थांबली. अर्पितनं स्क्रीन दाखवली. "पाह्य मम्मी, एक थेंबही पेट्रोल लागलं नाही!"

सून पाण्याचा गिलास घेऊन आली. सूरजबाईंनी तो तसाच परत दिला.

"दिवस बुडाला, बाई. आता पानीबी सकाळीच."

अर्पितनं मागे वळून पाहिलं. आभाळ अजून लालच होतं.