गोणपाटाच्या आडोशाला

१९२८ साल. संगमेश्वराकडच्या एका पुरातन देवळात खांबावरची नर्तकी भंगली होती. ती नव्याने घडवायचं काम धाकू पाथरवटाला मिळालं, पण त्याच्या उजव्या हाताची पकड कधीच गेली होती. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, हौसाला. चार महिने गोणपाटाच्या आडोशाला छिन्नी तिनेच चालवली. गावाला कळलं असतं, तर बाईच्या हाताने बाटला म्हणून खांबच उपटून टाकला असता.

गोणपाट उतरलं आणि खोत हरखले. "धाकू, आता देवाची मूर्तीही तूच घडव. गाभाऱ्यात, माझ्यासमोर."

घरी आल्यावर धाकू म्हणाला, "हात आधीच अधू होता म्हटलं, तर नर्तकी कोणी घडवली ते विचारतील. हात आजच मोडाया हवा." त्याने पंजा अंगणातल्या चिऱ्यावर ठेवला. "घाल हातोडा. जीव नाय त्यात. दुखाचं नाय."

हौसाने डोळे मिटून घाव घातला. धाकूची किंकाळी ऐकून सगळी वाडी धावत आली. हातावर चिरा पडला, हे सगळ्यांना पटलं.

"दुखाचं नाय म्हणालात ना?" हौसा त्याच्या कानाशी पुटपुटली.

"नायतर तू घातला असतास?"