मेणातली हूहाना

"सगळं दे. काचेवरचंसुद्धा," तामाहौ म्हणाला. त्याने विणलेली टोपली प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

डॉक्टर पारेकुराने तपासणीच्या काचपट्ट्या टोपलीत ठेवल्या आणि मग ती मेणाच्या वड्या एकेक करून ठेवू लागली. तपासणीसाठी काढलेले पोटाचे तुकडे मेणात बसवतात, त्या या वड्या. आगपेटीपेक्षा लहान, आत एक तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे म्हाताऱ्या तामाहौची लेक हूहाना. ती काल गेली. तिला गावच्या मराएवर, सगळ्यांच्या सभाघरात, ठेवलं होतं आणि उद्या सकाळी माती द्यायची होती. माओरी माणूस मातीत अख्खा जावा लागतो, म्हणून न्यूझीलंडमधल्या टौरंगाचं हे इस्पितळ असेल नसेल ते घरच्यांना बिनबोभाट परत करतं.

शेवटची वडी मात्र पारेकुराच्या हातातच राहिली. ती याच लोकांतली, त्यामुळे मागायला तिची जीभ आणखीच जड झाली होती. पोटाचा हा कॅन्सर घराण्यात कुणाकुणात उतरतो, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तामाहौची बायको याच दुखण्याने गेली, मेहुणी गेली, आता लेक. हूहाना दवाखान्यात आली तीच फार उशिरा, त्यामुळे तिच्या हयातीत काही जमलं नाही. आता या तुकड्यातून घराण्याचा नेमका दोष हाती लागला, तर तोच तिच्या मुलीच्या रक्तात शोधता आला असता. सापडला, तर वेळीच पोट काढून टाकून मुलगी वाचली असती. दोष कुठला हेच ठाऊक नसेल, तर मुलीचं रक्त तपासूनही छातीठोकपणे काही सांगता येणार नव्हतं. हे पारेकुराने जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं आणि एवढी एक वडी तीन आठवड्यांसाठी मागितली.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने आपल्या आईचं सांगितलं. तिचं मूत्रपिंड दुसऱ्या एका इस्पितळाने असंच थोडे दिवस म्हणून ठेवून घेतलं होतं. परत मागायला गेल्यावर गोऱ्या डॉक्टरांनी सापडत नाही म्हणून हात वर केले. म्हातारी अर्धवटच मातीत गेली, हे त्याला आजही सलत होतं.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "आणि तोवर थडगं उघडं ठेवू का, पोरी?"

पारेकुराने वडी टोपलीकडे नेली. हट्ट धरायचा तिला हक्क नव्हता, आणि म्हाताऱ्याशेजारी बसलेल्या कहुरंगीकडे बघायचा धीर होत नव्हता. कहुरंगी ही हूहानाची मुलगी, एकोणीस वर्षांची. रडून रडून तिचे डोळे सुजले होते आणि आल्यापासून ती चकार शब्द बोलली नव्हती.

"कोरो," ती आता आजोबांना म्हणाली, "उघडं नका ठेवू. जरा रुंद खणा म्हणजे झालं. आईच्या शेजारी माझीही सोय होईल."

ते बोलणं म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं. तो टोपलीच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग त्याने पारेकुराच्या हातून वडी घेतली, कपाळ आणि नाक वडीला टेकवलं, आणि भेटीला आलेल्या माणसाशी श्वास वाटून घेतात तसा डोळे मिटून थांबला. आता ती टोपलीत जाणार, असं पारेकुराला वाटलं. पण त्याने ती टेबलावर ठेवली आणि टोपलीला झाकण लावलं.

"इथं रात्री हिच्याजवळ कोण असतं?" त्याने विचारलं.

माती देईपर्यंत मेलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हे पारेकुराला कुणी सांगायला नको होतं. तिच्या पाठीमागे छतापर्यंत कपाटं होती आणि खणाखणांत मेणाच्या वड्या, कित्येक वर्षांच्या. तिला मागे वळून बघवेना.

"कुणीच नाही, कोरो," ती म्हणाली.