अकरा वेळा ‘हं’

हं. कुकरची शिट्टी. हं. खोकला. कावळा. हं. माधुरी मालाडच्या ऑफिसात रेकॉर्डिंग टाइप करत होती. त्यात बिल्डरचा माणूस घाटकोपरच्या रत्नप्रभाबाईंना खोली सोडायच्या अटी वाचून दाखवत होता. बाई प्रत्येक अटीला ‘हं’ म्हणत होत्या. “क्लीन कॉपी दे,” टीमलीडर हर्षद म्हणाला. “शिट्ट्या, खोकले गाळ, ‘हं’च्या जागी ‘हो’ टाक. बिल्डरला कोर्टात द्यायचंय.” “अरे, ‘हं’ म्हणजे ‘हो’ नसतं. ‘हं’ म्हणजे ऐकतेय, बोल पुढे! माझी आई स्थळं आणणाऱ्या मावशीला दहा वर्षं ‘हं’च म्हणतेय. झालं माझं लग्न?” हर्षद हसला. “तरी ‘हो’ टाक.” माधुरीने ‘हो’ टाइप केला. पुसला. उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग तिने अकराही ‘हं’ तसेच ठेवले, शिट्ट्यांसकट. फाइल पाठवली. तिची नोकरी कायम व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते.