जुनं वापरायची मुभा

“सर, हक्क तुम्हाला आहेच,” फोनवरची कॉम्प्युटर कंपनीची बाई पुन्हा म्हणाली. “नव्या सिस्टिमचा परवाना घेतलात, म्हणजे जुनी वापरायची मुभा त्यातच आली. नवी तुमचीच राहते. वापरायची फक्त जुनी.”

“मग जुनी पाठवा.”

“ती आम्ही देत नाही. सीडी तुमची तुम्ही मिळवायची. कुणाची मागून आणलीत तरी चालेल, पण अस्सल हवी.”

बारानिकोने फोन ठेवला. हक्क आहे पण वस्तू नाही, हा प्रकार त्याला नवा नव्हता. किरिबाटीतल्या एका लहान बेटावरच्या सरकारी दवाखान्यात तो एक्स-रे काढायच्या नोकरीत होता.

एक्स-रेचं मशीन जुनं होतं, पण धडधाकट होतं. त्याचा कॉम्प्युटर गंजून मेला, म्हणून बोटीने नवा आला. तोही धडधाकट होता. फक्त दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. नव्यावर जुनी सिस्टिम चढवल्याशिवाय ते होणारही नव्हतं. इकडे बेटावरची आठ पोरं ऑस्ट्रेलियात फळं तोडायला निघाली होती. क्षय नाही हे दाखवणारा छातीचा स्वच्छ फोटो असल्याशिवाय व्हिसा नाही. पोरांनी तिथल्या खोलीचा नकाशा वाळूत काढून पलंगसुद्धा वाटून घेतले होते. आठ जणांत एक खोली. कोपऱ्यातल्या दुमजली पलंगावर खाली बारानिकोचा मुलगा बीटा, वर म्हाताऱ्या नेई रोतियाचा नातू तोआकाई.

जुनी सीडी बेटावर एकच होती आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेई रोतियाचा नवरा खोबऱ्याच्या सोसायटीत कारकून होता. तो गेला, सोसायटी बुडाली, कॉम्प्युटर भंगारात गेला. सीडी मात्र तिने डबीसकट, चांगल्या चटयांच्या घडीत जपून ठेवली होती.

बारानिको तिच्या माचावर जाऊन बसला. तिने दिलेली ताजी ताडी प्यायला, माशांबद्दल बोलला, वाऱ्याबद्दल बोलला. मग मान खाली घालून म्हणाला, “मावशी, बुबुती आहे.”

हा शब्द उच्चारून मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर म्हणणाऱ्याला बेटावर तोंड दाखवायला जागा उरत नाही. आज देणारा उद्या मागू शकतो हेही सगळ्यांना माहीत असतं. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

“सगळं जग नव्यामागे धावतंय आणि तू जुनं मागायला आलास?” चटया उलगडत ती म्हणाली.

त्याने फोनवरच्या बाईचं म्हणणं समजावून सांगितलं.

“म्हणजे नवं टाकून द्यायचं नाही?”

“नाही. नवं आपलंच. वापरायचं जुनं.”

“आणि कंपनी हे चालवून घेते?”

“कंपनीच सांगते.”

“शहाणी दिसतेय कंपनी,” असं म्हणून तिने सीडी त्याच्या हातात ठेवली. डबीवर बारीक अक्षरात छापलं होतं की, ही दुसऱ्याला देऊ नये. कंपनीच्या बाईने ते वाचलं नसावं. मावशीने तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सिस्टिम चढली. फोनवरच्या बाईने ती चालू करायचा लांबलचक आकडा वाचून दाखवला आणि मशीन व कॉम्प्युटर बोलू लागले. मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क शाबूत होती; तिच्यातले जुने फोटोही बारानिकोने नव्यात आणून ठेवले. आपण मोठंच काम केलं असं त्याला वाटलं. दुपारपर्यंत आठही पोरांच्या छातीचे फोटो निघाले. संध्याकाळच्या आत ते राजधानीतल्या डॉक्टरांकडे पाठवायचे होते.

सात फोटो स्वच्छ होते. आठव्यात उजव्या बाजूला वर कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा डाग होता. आठवा तोआकाई.

बारानिकोने त्याला फक्त एवढंच सांगितलं, की उद्या एकटाच परत ये. म्हातारीला तेवढं पुरलं. उन्हं कलायच्या आत ती दवाखान्याच्या दारात उभी.

“डाग आहे ना?”

“औषध फुकट आहे, मावशी. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. पोरगं ठणठणीत होईल. पुढच्या वर्षी जाईल.”

“मागच्या वर्षीही पुढच्या वर्षीच म्हणाले होते.” ती खुर्चीवर बसली. “तेव्हा तूच त्याचा फोटो काढला होतास. स्वच्छ आला होता. जागा संपल्या म्हणून राहिला तो. ठेवला आहेस ना तो फोटो?”

“आहे,” बारानिको म्हणाला. विचार त्याने बोलून झाल्यावर केला.

“मग बुबुती आहे, बाळा. तो पाठव.”

बाहेर पोरं नारळाच्या करवंट्या फेकून खेळत होती. मधूनच कुणीतरी खोकलं आणि बाकीची हसली.

“मावशी, आठ जणांत एक खोली आहे. माझा बीटा त्याच्या खालीच झोपणार.”

“तुझ्या बीटाचा फोटो कुणाच्या सीडीवर निघाला?”

ती धमकी देत नव्हती. तिच्या घरात आता कमावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“त्या फोटोवर मागच्या वर्षीची तारीख आहे,” तो कसाबसा म्हणाला.

“सीडीवर त्याहून जुनी होती. चालली ना?”

पडद्यावर डाग होता. म्हातारीने खुर्ची जवळ ओढली आणि लहान मुलाला समजावावं तसं, त्याचेच शब्द त्याला परत दिले.

“गोळ्या दे, गुपचूप घेईल तो. आणि नवा फोटो टाकून दे असं कोण म्हणतंय? नवा आपलाच. वापरायचा फक्त जुना.”